काळी तीन, काळी पाच आणि अनंत

कुणी तेच ते बोलू लागलं की आपण म्हणतो, याची पिन अडकली. माँट्रिअलच्या ‘गॉडस्पीड यू ब्लॅक एम्परर’ या बँडने १९९७ साली आपल्या पहिल्या एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, शेवटी ती मुद्दाम अडकवून ठेवली. गिटार, व्हायोलिन, चेलो, ढोल. बँडमध्ये गायक नाही, मधूनमधून कुणाचं तरी बोलणं. नाव ‘एफ शार्प, ए शार्प, इन्फिनिटी’. आपल्या पेटीवर सांगायचं तर काळी तीन, काळी पाच आणि अनंत. दोन बाजू ज्या सुरांत सुरू होतात ते दोन सूर, आणि अनंत म्हणजे दुसऱ्या बाजूची शेवटची खाच: वर्तुळात बंद केलेली, तोच आवाज पुन्हा पुन्हा वाजवत राहणारी.

तशी बंद खाच प्रत्येक एलपीला असते. वाजणारी खाच सुईला आत आत नेते. शेवटी ती स्वतःलाच येऊन मिळाली नाही, तर सुई थेट लेबलच्या कागदावर चढेल. एरवी हे वर्तुळ मुकं असतं, एवढंच.

त्यात आवाज कोरायचा तर हिशेब कडक. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. त्यात चार मात्रा बसवायच्या तर लय मिनिटाला १३३⅓ मात्रांचीच हवी. १३० ची धरलीत, तर शेवटची मात्रा ४६ मिलिसेकंदांनी तोकडी पडते आणि दर फेऱ्याला सांध्यावर ठेच लागते. ती एकदा कानाला कळली की दुसरं काही ऐकूच येत नाही! शिवाय जागाही अडचणीची. बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुईखालून सुमारे ९० सेंटिमीटर खाच जाते, इथे जेमतेम ३३. बारीक, धारदार आवाज त्या दाटीत भरडले जातात. म्हणून अशा जागी ताल नसलेले, लांबवलेले सूर बरे. सांधाही त्यांत मुरतो.

खाचेत धुळीचा एक कण बसला की तोही वादकांत सामील. दर १.८ सेकंदांनी ‘टक्’, तासाला २००० वेळा. खाच मऊ ब्रशने पुसून घ्यावी. आणि प्लेअर मॅन्युअल हवा. ऑटो-रिटर्नवाल्यात सुईची दांडी आपली आपण उठते, अनंत तिथल्या तिथे आटोपतं.

पहिल्या ५०० प्रतींची वेष्टनं हातांनी केलेली, आत रेल्वेखाली चपटं केलेलं एक नाणं. रुळावर नाणं ठेवून गाडीची वाट बघण्याचा उद्योग आपल्याकडच्या पोरांनाही ठाऊक आहे.

१९९८ ची सीडी तासाभराहून मोठी, मांडणीही बदललेली, पण ती संपते. सीडीला कुठली आलीय खाच? एलपी फिरत राहते, सुई झिजत राहते. शेजारच्या खोलीतल्या माणसाला मात्र पिन अडकलीय असंच वाटणार, आणि दांडी उचलायला तोच उठून येणार.