गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज: कितीचा आणि कुठे

"काका, पंधरा अँपिअरचा फ्यूज टाकून देतो, परत बघायलाच नको." आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या वायरिंगला आलेल्या पोराचं हे वाक्य. पोरगा हुशार आहे, थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) पकडीनं चेपत नाही, क्रिम्परनं, म्हणजे त्याच्या खास हत्यारानं, नीट बसवतो. पण माझी सगळी नोकरी कुपवाड एमआयडीसीत पॅनेल वायरिंग करण्यात गेली. "परत बघायला नको" म्हणून निवडलेला फ्यूज मला चालत नाही.

आधी पंप कशाला, ते सांगतो. गाडी क्वचितच बाहेर निघते. मधल्या काळात कार्बोरेटरच्या भांड्यातलं पेट्रोल उडून जातं, आणि इंजिनावरचा मेकॅनिकल पंप ते पुन्हा भरेपर्यंत स्टार्टर मारत बसावं लागतं. म्हणून टाकीजवळ तीन-चार पीएसआय दाबाचा छोटा इलेक्ट्रिक पंप बसवला. (इंजेक्शनच्या गाडीचा पंप इथे लावायचा मोह टाळा. तो साधारण तीन बार, म्हणजे चाळीसहून जास्त पीएसआय, दाब देतो. कार्बोरेटरची सुई तेवढा दाब अडवू शकत नाही, पेट्रोल वरून वाहायला लागतं.)

आता आकडा. मल्टिमीटर दहा अँपिअरच्या रेंजवर लावून पाहिलं, पंप सव्वा अँपिअरच्या आसपास घेतो. सततचा भार फ्यूजच्या आकड्याच्या पाऊणपटीखाली ठेवायचा, कारण बॉनेटखाली फ्यूज आधीच तापलेला असतो. या हिशेबानं तीनचाही पुरला असता. सुरू होतानाचा झटका धरून मी पाचचा घेतला, खाकी रंगाचा.

पोराचं म्हणणं असं की वायर दीड चौरस मिलिमीटरची आहे, पंधरा अँपिअर सहज सोसते. खरं आहे. वायरपुरतं बोलायचं तर त्याचा पंधराचा चुकीचा नव्हताच. पण ब्लेड फ्यूज (चपट्या पात्यांचा, रंगीत प्लॅस्टिकचा) छापलेल्या आकड्याला उडत नाही. आकड्याच्या 135 टक्के करंटला तो दहा मिनिटांपर्यंत तग धरला तरी मानकात बसतो, दुप्पट करंटला मात्र पाच सेकंदांत उडायला हवा. समजा पंप अडकला आणि दहा अँपिअर ओढू लागला. पंधराच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागणार नाही आणि पंप पेट्रोलच्या नळीला चिकटून तापत राहील. पाचचा मात्र तेवढ्या करंटला काही सेकंदांत जाईल. खालची हद्द भार ठरवतो, वरची हद्द वायर ठरवते. दोन्हींच्या मध्ये मोकळी जागा मिळाली की खालच्या टोकाला राहावं, असं माझं मत. भाच्याच्या इंजेक्शनच्या गाडीत पंपच सहा-सात अँपिअर घेतो. तिथे पंधराचा निळा योग्य, त्याबद्दल वाद नाही.

खरा वाद जागेवरून झाला. पोराला फ्यूज मागे पंपाजवळ हवा होता, "बदलायला सोपा". अहो, पण बॅटरी पुढे, पंप मागे, मधे चारेक मीटर वायर पत्र्याच्या कडांवरून जाणार. फ्यूज आपल्या पुढचीच वायर राखतो. बॅटरीपासून त्याच्यापर्यंतचा तुकडा निराधार. फ्यूज मागे लावला तर ती सगळी चार मीटर वायर निराधार झाली. कुठे इन्सुलेशन घासून तांबं चेसिसला लागलं, तर बारा व्होल्टची बॅटरी शंभराहून जास्त अँपिअर ओतू शकते. वायर लाल होते, आणि शेजारून पेट्रोलची नळी जात असते. पंपाचा करंट रिलेतून जातो. रिले म्हणजे चावीच्या बारीक करंटवर चालणारा स्विच: 30 नंबरच्या पिनला बॅटरीची वायर येते, 87 वरून पंपाला जाते. या 87 वर फ्यूज लावतात तेही अर्धवटच, कारण बॅटरी ते 30 नंबर हा पट्टा तसाच राहतो.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात, झाकणाच्या होल्डरमध्ये. त्या वीतभर तुकड्यावर वेगळी स्लीव्ह. तिथून रिलेच्या 30 ला, 87 वरून मागे पंपाला. रिले मडगार्डवर लावला तो पिना खाली करून, म्हणजे सॉकेटमध्ये पाणी साचत नाही. गाडीच्या मूळ डब्यात जागा शोधायच्या भानगडीत मी पडलो नाही. त्यातले टोकदार फ्यूज स्प्रिंगच्या पट्ट्यांत नुसते अडकवलेले असतात, आणि इतक्या वर्षांत त्या पट्ट्या ढिल्या पडल्यात.

रिलेही साधा चार पिनांचा घेतला नाही. अपघात झाला, इंजिन बंद पडलं, चावी मात्र चालू राहिली, तर साधा रिले पंप चालूच ठेवतो. नळी तुटलेली असली तरी फ्यूजच्या दृष्टीनं सगळं आलबेल, करंट सव्वाच. ते काम फ्यूजचं नव्हे. मी इग्निशन कॉइलच्या पल्सवर (इंजिन फिरताना ठिणगीसाठी कॉइलमध्ये होणाऱ्या झटक्यांवर) चालणारा रिले लावला: त्याची 1 नंबरची पिन कॉइलच्या निगेटिव्हला, 15 ची चावीला, 31 ची अर्थला. पल्स थांबले की पंप बंद. चावी फिरवल्यावर तो सुरुवातीला थोडा वेळ पंप चालवतो. भांडं कोरडं असेल तर चावी दोन-तीनदा पुढे-मागे करायची. जुन्या गाड्यांत इग्निशनची लाइन अनेकदा फ्यूजशिवायच असते, तेव्हा 15 ची बारीक वायर घेतली तिथे तीनचा वेगळा फ्यूज दिला. पंपाची अर्थ वायर रंग खरवडून थेट चेसिसला.

शेवटी फ्यूजची परीक्षा. बाजारात असे स्वस्त फ्यूज मिळतात की वायर जळेल पण ते उडणार नाहीत. पाकिटातला एक बळी द्यावा. 60/55 वॅटच्या हेडलाइट बल्बचे दोन्ही फिलामेंट एकदम जोडले की सुमारे साडेनऊ अँपिअर होतात, म्हणजे पाचच्या फ्यूजला जवळजवळ दुप्पट. पाच-सात सेकंदांत उडायलाच हवा. एका पाकिटातला माझ्यासमोर निवांत मिनिटभर बसून राहिला, ते पाकीट कचऱ्यात गेलं. दुसऱ्या पाकिटातला लगेच उडाला. त्यातलेच दोन सुटे होल्डरच्या झाकणाला चिकटवलेत. मोठ्या आकड्याचा एकही गाडीत ठेवलेला नाही, घाईत तोच लावला जातो.