दोन मिलिमीटर

रविवार, रात्री

बंदुकीच्या दस्त्यावरचा काळा ऑइलपेंट आज एकदाचा सुटला. पेंट रिमूव्हर लावायचं, थांबायचं, लाकडी पट्टीनं हळूहळू खरवडायचं. पॉलिश पेपर हातात घ्यायचाच नाही हे आधीच ठरवलं होतं, कारण लाकडावर काही शिक्का असेल तर तोच आधी जातो. उजव्या बाजूला एका मुकुटाचा अर्धा आकार दिसायला लागला तेव्हा फार बरं वाटलं. पेंटच्या खाली अक्रोडाचं लाकूड आहे, तांबूस, रेषा अजून शाबूत.

ही पणजोबांची ठासणीची बंदूक. कळीच्या, म्हणजे घोड्याच्या यंत्रणेच्या, पत्र्यावर मुकुट, 'टॉवर' ही अक्षरं आणि १८६० साल. बाहेरून बघितलं तर १८५३ च्या पॅटर्नची एन्फिल्ड रायफल: ३९ इंची नळी, पितळेची चापाची कडी, दस्त्याला पितळी पट्टी. पुढचं निम्मं लाकूड मात्र पणजोबांनी कापून टाकलं. दाजीपूरच्या रानात शिकारीला न्यायला हलकी हवी म्हणून. नळी लाकडाला धरून ठेवणाऱ्या तीनपैकी दोन कड्या आणि लाकडाच्या टोकाची पितळी टोपी तेव्हाच गेली. पुढं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार संपली, बंदूक माळ्यावर गेली आणि कुणीतरी गंज लागू नये म्हणून वरपासून खालपर्यंत काळा रंग फासला.

आता तिच्यातून काही उडणार नाही, दारू पेटवणारी टोपी बसवायचं तोंड वडिलांनी रीतसर बंद करून घेतलंय. तरीही परवाना आहे आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती जपून ठेवायची, हे दर वेळचं. ते बरोबरच आहे.

काम सुरू करण्याआधी परवाना असलेल्या कारागिरांकडं नेली होती. त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर लाकडी गज नळीत घातला, तोंडापाशी खूण केली, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघितला. खूण पार मागच्या बुचापर्यंत पोचली म्हणजे आत काही ठासलेलं नाही. "दादा, असल्या जुन्या बंदुका कितीतरी भरलेल्याच सापडतात," म्हणाले. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. ज्यांच्या घरात माळ्यावर असं काही असेल त्यांनी स्वतः खाटखूट न करता आधी हे जाणत्याकडून बघून घ्यावं. धातूचं सगळं काम मी त्यांच्याकडंच दिलंय, घरी फक्त लाकूड.

मंगळवार

आई सकाळी पितळी पट्टी घेऊन बसली होती. "आण इकडं ती चिंच, लखलखीत करून देतो की." कशीबशी थांबवली. तांब्या-पळी घासणं वेगळं. दीडशे वर्षांत पितळेवर जो तपकिरी रंग चढलाय तो एकदा गेला की आपल्या जन्मात परत येत नाही. कोमट पाणी, मऊ ब्रश, कोरडं फडकं, बस्स. आईला पटलं नाही, पण पट्टी परत दिली.

गुरुवार

संध्याकाळी उद्यमनगरात मित्राच्या लेथवर गेलो, व्हर्नियर हवा होता. त्यानं नळीच्या तोंडात लावून बघितला: १६.७ मिलिमीटरच्या आसपास. १८५३ च्या रायफलचं तोंड ०.५७७ इंच, म्हणजे १४.६६ मिलिमीटर. दोन मिलिमीटरचा फरक, आणि आत पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचा, नाही, टॉर्च मारली की नळी थेट गुळगुळीत.

घरात आजवर सांगत आलेत की छर्रे मारायला सोपं जावं म्हणून पणजोबांनी नळी आतून घासून घेतली. पण ०.६५६ इंच, म्हणजे १६.६६ मिलिमीटर, हे माप कुठल्या शिकाऱ्याच्या मनात आलेलं नाही. ते सरकारी माप आहे, १८५९ च्या पॅटर्नचं. सत्तावनच्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हातात रायफल द्यायची नाही असं इंग्रजांनी ठरवलं आणि त्यांच्यासाठी दिसायला एन्फिल्डसारखीच, पण आतून पीळ नसलेली बंदूक काढली. नेम धरायची मागची माशीसुद्धा त्याचीच साक्ष देते. गोऱ्या सोजिराच्या रायफलवर लांब पल्ल्याच्या खुणांची उभी करायची शिडी असे. आमच्या बंदुकीवर नुसता खाचेचा ठोकळा आहे आणि शिडी काढल्याची एकही खूण नाही. पीळ नसेल तर शंभर यार्डांच्या पुढं नेम म्हणजे नशीब. तीन खाचांचा, ७८ इंचांत एक फेरा घेणारा पीळ गोळीला फिरवतो, म्हणून ती सरळ जाते. तेवढंच काढून घेतलं. शिपायानं खांद्यावर तेच वजन वाहायचं, कवायत तीच करायची आणि समोरच्या गोऱ्या पलटणीपेक्षा कायम आखूड पल्ल्यानं राहायचं.

रोज चिमासाहेब चौकातून गाडी जाते माझी. ३१ जुलै १८५७ ला आपल्या कोल्हापुरात २७ वी मुंबई नेटिव्ह इन्फंट्री उठली, छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना पुढं कराचीला नेऊन ठेवलं, १८६९ मध्ये ते तिथंच गेले. हे सगळं शाळेपासून माहीत आहे. पण त्या वर्षाची भीती लोखंडात मोजता येते, आणि ती आपल्याच माळ्यावर होती, हे आज कळलं. रागही आला, आणि ती नळी पहिल्यापेक्षा जास्त जवळची वाटायला लागली.

शनिवार

चुलतभाऊ येऊन गेला. त्याचं म्हणणं, करायचंच तर पुरतं मूळ रूपात आण, निकेल मारून दिवाणखान्यात लाव, शिडीची माशी बसव. मी स्पष्ट नाही म्हटलं. शिडी हिच्यावर कधी नव्हतीच. ती लावली तर शिपायाला जे नाकारलं ते आपण दिल्याचं खोटं नाटक होईल. नळीला हात लावायचा नाही. काळा रंग गेला, ते योग्यच झालं, त्याच्यात कुणाचं काही नव्हतं.

पणजोबांनी कापलेल्या लाकडाला हात लावायचं मात्र मन होईना. शेवटी असं ठरवलंय: पुढचा तुकडा जोडायचा, पण त्यांच्या कापाला रंधा लावायचा नाही. करवतीचे दात अजून दिसतात तिथं, एका जागी करवत घसरून वाकडी गेलीय तेसुद्धा. जोड मागच्या कडीच्या खाली लपतो, म्हणून तो डिंकानं न चिकटवता आतून दोन लाकडी खुंट्या आणि वरून कडी, एवढ्यावरच धरायचा. पुढं कुणाला वाटलं तर स्क्रू सैल करून पणजोबांची बंदूक परत काढता येईल.

लाकूड मिळालंय. जुन्या बाजारातल्या एका मोडक्या कपाटाची अक्रोडाची चौकट. सागवान नको म्हटलं, रेषा जुळत नाहीत. पण सध्या पंचगंगेचं पाणी वाढतंय आणि घरातलं मीठसुद्धा ओलं झालंय, अशा हवेत खाच पाडली तर दिवाळीपर्यंत फट पडणार. तोवर चौकट स्वयंपाकघरात वरच्या फळीवर वाळू दे.

कारागिरांना टोकाच्या पितळी टोपीचं माप हवंय. ते उद्या काढतो, आणि जुन्या लाकडाला जवसाच्या तेलाचा पहिला हात देतो, अगदी पातळ, तळव्यानंच चोळून.