मातीची भिंत आणि 8760 तास

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला बिल्डिंग फिजिक्स शिकवायला घेतलं आणि पहिल्यांदा अडलं ते यू-व्हॅल्यूपाशी, म्हणजे भिंतीतून उष्णता किती सहज जाते ते सांगणाऱ्या आकड्यापाशी. तो जितका कमी, तितकी उष्णता कमी जाते. 30 सेंटीमीटर मातीच्या भिंतीची यू-व्हॅल्यू साधारण 1.75 येते, 5 सेंटीमीटर थर्मोकोलची 0.6 च्या आसपास. आकडेमोड करून मुलं मोकळी: थर्मोकोल सरस! मग इराणमधल्या यझ्द या वाळवंटी शहराची माणसं शतकानुशतकं मातीच्या घरांत कशी राहिली?

उत्तर मी सांगितलं नाही. एनर्जीप्लस या, इमारतीतल्या उष्णतेचं गणित करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकाच खोलीचं मॉडेल करायला लावलं. अट एवढीच, की रन करण्याआधी तापमानाचा आलेख कागदावर हाताने काढायचा. अख्ख्या कोर्समधली ही सगळ्यात मोलाची पायरी, असं माझं ठाम मत आहे. अंदाज कागदावर असला की मुलं स्क्रीनशी भांडतात. नाहीतर तिथे दिसेल ती रेघ निमूट मान्य करतात.

पश्चिमेची भिंत बाहेरून सर्वात तापते दुपारी चारच्या सुमारास. आतल्या बाजूला ती उष्णता पोचली मध्यरात्र उलटल्यावर, जवळपास 10 तासांनी, आणि तीही पार मंदावून. यू-व्हॅल्यू काढताना तापमान स्थिर धरतात, ऊन मात्र रोज चढतं-उतरतं. "म्हणून तिकडे उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचे!" एक मुलगी एकदम म्हणाली.

एका गटाची खोली मात्र पहाटेही तापलेलीच. मॉडेलमधलं वेळापत्रक उघडून पाहिलं, तर खिडकी दिवसरात्र सारखीच उघडी. दिवसा बंद, रात्री सताड उघडी केली आणि भिंत निवली. राहणाऱ्याच्या सवयी हाही इनपुट असतो, हे त्या दिवशी सगळ्यांना पटलं.

मग फक्त हवामानाची फाइल बदलली. तिच्यात वर्षाचे 8760 तास असतात. तीच खोली सिंगापूरला नेली, तर भिंतीला निवायला रात्रच पुरेशी गार नाही. पारंपरिक मलय घरं खांबांवर उचललेली, हलक्या भिंतींची का, यावर मग वर्ग बराच वेळ बोलत राहिला.

बादगीर, म्हणजे यझ्दचे वारा पकडणारे मनोरे, आमच्या मॉडेलमध्ये नीट बसले नाहीत. दौलताबाद बागेतला तर सुमारे 33 मीटर उंच. आमचं मॉडेल खोलीतली सगळी हवा एकाच तापमानाची धरतं. बादगीराखाली सुखावतो तो अंगावरून जाणारा झोत. त्याला सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं संगणकावरचं गणित, लागतं. ते तिसऱ्या वर्षाला ठेवलंय.