दहा हजार आणि कांद्याची चाळ

‘इन्स्पायर मानक’ या शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या योजनेत कल्पना निवडली गेली की केंद्राच्या विज्ञान विभागाचे १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. आमच्या सातवीतल्या पोरीचं खातं उघडायला गेलो, तर आजी घाबरली, "मास्तर, कर्ज काढताय का?"

दमट हवेत साठवणीच्या चाळीतला कांदा सडतो, हे पोरीनं घरीच पाहिलेलं. म्हणून आर्द्रता मोजणारा सेन्सर, आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) अन् जुना पंखा. दमटपणा वाढला की पंखा सुरू.

जिल्ह्याच्या प्रदर्शनात ऐनवेळी पंखा हटून बसला. मला घाम फुटला. हिनं बोलता बोलता निसटलेली वायर खोवली, परीक्षकांच्या समोरच!

राष्ट्रीय फेरीसाठी निवड झाली, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "सर, कांदे इथूनच न्यायचे ना?"

नेले. पाच किलो. रेल्वेच्या डब्याभर वास.