नेपथ्य : मागच्या वर्गातला कारभार

इंदूरच्या मराठी शाळांचं स्नेहसंमेलन असो की गणपतीतलं मंडळाचं नाटक, आभारात 'नेपथ्य' म्हणून जी नावं घेतली जात, त्यांच्या टाळ्या त्या रंगवलेल्या भिंतीला असत. शब्दाचा पसारा मात्र भिंतीहून मोठा. नाट्यशास्त्रातलं मध्यम आकाराचं नाट्यगृह ६४ हात लांब, ३२ हात रुंद. निम्मं प्रेक्षकांचं आणि अगदी मागचे १६ हात नेपथ्यगृहाचे. नट तिथे सजत, आणि सजण्यालाही नेपथ्यच म्हणत. आहार्य अभिनय म्हणजे 'नेपथ्यज विधी'. त्यात दागिने, अंगाचे रंग, बनावट वस्तू सगळं आलं. संस्कृत नाटकात 'नेपथ्ये' अशी सूचना असली की वाक्य पडद्याआडून यायचं. मराठीत वेशभूषा-रंगभूषा वेगळ्या झाल्या आणि नेपथ्य देखाव्यापुरतं उरलं.

संमेलनात जुना अर्थच चालायचा. स्टेजमागचा वर्ग हेच नेपथ्यगृह: एका बाकावर क्रेपच्या मिशा, दुसऱ्यावर नऊवारी, जमिनीवर देखाव्याच्या भिंतींचे ओले फ्लॅट. (मिशी लावण्याआधी ओठावरचा घाम पुसला नाही, तर पहिल्याच संवादाला ती सुटणार, दोष मात्र ती चिकटवणाऱ्या बिचाऱ्या स्पिरिट गमला!)

फ्लॅट म्हणजे ८ बाय ४ फुटांची लाकडी चौकट, वर मांजरपाट. कापड फार ताणून ठोकायचं नाही, कारण वर लावलेला सरस वाळताना ते आक्रसतं आणि हलकी चौकट पिळवटते. एक भाग सरसाला साधारण दहा भाग पाणी. रात्रभर भिजवून, डबा गरम पाण्यात ठेवून विरघळवायचा. थेट आचेवर उकळला की चिकटपणा गेलाच. त्यात खडूची पूड कालवून अस्तर द्यायचं. सरस जास्त झाला तर भिंतीला तडे, कमी झाला तर रंग हाताला लागतो. थंडीतल्या संमेलनात दुपारच्या उन्हात काम भागायचं. गणपतीत हवा दमट, घाईनं रंग चढवला की पोपडे ठरलेले. ऑइलपेंट कितीही टिकाऊ असो, दिव्यात चकाकतो, पाण्यात कालवायचा डिस्टेंपरच बरा. मागच्या बाजूला काळपट हात हवाच, नाहीतर वर्गातला बल्ब कापडातून दिसतो आणि दिवाणखान्यात चंद्र उगवतो.

खरी परीक्षा दाराची. दार विंगेच्या, म्हणजे स्टेजच्या कडेच्या आडोशाच्या, बाजूला उघडावं आणि बिजागरी प्रेक्षकांपासून लांबच्या कडेला असावी. मग आत येणारा नट दिसतो आणि मागची गर्दी फळीआड राहते. टेंट हाउसच्या तख्तांवर खिळे नीट धरत नाहीत, म्हणून दाराच्या फ्लॅटला मागून तिरके टेकू आणि त्यांच्या पायावर वाळूच्या पिशव्या, निदान दोन. एवढं करूनही रागावून निघून जाणाऱ्या नायकाला बजावावं लागे, दार आपटू नकोस. आवाज विंगेतून फळीवर फळी मारून काढू.