अधिवेशनाचा मंडप आणि अडलेला दाखला

पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन यंदा खानदेशात भरलं आणि परवानग्यांचं काम माझ्याकडे आलं. १९३६ साली काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन आमच्याच फैजपुरात झालं, नंदलाल बोसांनी बांबूचा मंडप सजवला होता. त्यामुळे पाहुण्यांसमोर खानदेशाची मान खाली जाऊ द्यायची नाही, असं सगळ्यांनीच मनावर घेतलं होतं. निवास, वरण-बट्टी, ठरावांचे मसुदे बिनबोभाट पार पडलं. घोडं अडलं मंडपाच्या ना हरकत दाखल्यापाशी.

दाखला देणारं कार्यालय म्हणे, आधी पोलिसांची परवानगी जोडा. पोलिस म्हणत, आधी तो दाखला आणा. हेच लेखी द्या म्हटलं की साहेब दौऱ्यावर! मैदानाची अनामत भरलेली, लोखंडी खांब उतरलेले, कंत्राटदाराची माणसं बसून आणि आमची फाइल त्याच टेबलावर, त्याच ढिगात. बिहारच्या प्रतिनिधींची रेल्वेची तिकिटं निघाली होती हो! रोज तिथल्या बाकावर बसून माझा जीव टांगणीला लागायचा.

शेवटी एका जुन्या कार्यकर्त्याने मार्ग दाखवला. 'कोणता कागद कमी आहे ते कळवावे' असा दोन ओळींचा अर्ज दिला आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. तोंडी विचारत बसू नका, पहिल्याच दिवशी हे करा. सोबत दोन्ही खात्यांची एकत्र स्थळपाहणी मागितली. अधिकारी आले, बाहेर पडायच्या वाटा टेपने मोजल्या, स्वयंपाकाचे सिलिंडर मंडपापासून लांब हलवायला लावले, जनरेटरजवळ वाळूच्या बादल्या ठेवायला सांगितल्या. सगळं रास्तच होतं. तासाभरात पाहणी आटोपली आणि दुसऱ्या दिवशी दाखला हातात. मग इतके दिवस कशासाठी घालवले, हा राग अजून गेलेला नाही.

मैदान ठरवण्याआधी शंभर मीटरच्या आत दवाखाना, शाळा किंवा कोर्ट नाही ना, ते बघा. शांतता क्षेत्रात ध्वनिक्षेपक मिळत नाही आणि एरवीही रात्री १० ला आवाज बंद करावा लागतो, म्हणून अध्यक्षांचं भाषण संध्याकाळीच ठेवा. विजेच्या जोडणीचं प्रमाणपत्र वेगळं लागतं. आणि हो, नवे पदाधिकारी निवडले तर इतिवृत्तावर मंडपातच सह्या घ्या. हा बदल निवडणूक आयोगाला विनाविलंब कळवावा लागतो आणि एकदा माणसं गाडीत बसली की सह्या मिळत नाहीत.