डोंगरातल्या गोठ्यात गाय कशी पारखावी

पाटण-जावळीच्या डोंगरात जुलै-ऑगस्टला पाऊस उघडत नाही आणि गायी दिवसरात्र दाव्याला असतात. दूध किती ते डेअरीची पावती सांगते. गाय सुखात आहे का, हे मात्र गोठ्यात थांबून बघावं लागतं.

आधी लांबूनच बघा. गाईला दिवसात 10-12 तास बसायला मिळालं पाहिजे. बसायला वाकते, जमीन हुंगते आणि परत उभी राहते, तर दावं आखूड आहे किंवा खालची जागा टोचतेय. खात्री करायला तिच्या जागेवर स्वतः मिनिटभर गुडघे टेका. ओले झाले, दुखले, की उत्तर मिळालं. मागच्या पायांच्या सांध्यांवर केस गेलेत, सूज आहे, तर कारण बहुधा तीच जमीन.

मग सोडून सपाटीवर चालवा. उतारावर सगळ्याच जपून चालतात, तिथे लंगडणं लपतं. फक्त चालताना पाठीची कमान झाली तर दुखणं सुरुवातीचं. उभ्या जागीही कमान दिसली तर वाढलेलं. शेणमुतात उभं राहून खूर मऊ पडतात, मग जांभ्याचे खडे रुततात. हे पावसाळ्यातलं सगळ्यात दुर्लक्षित दुखणं आहे, आणि ते बघून जीव तुटतो.

रवंथ करताना एका घासाला 50 ते 70 चावे मोजता आले तर चाऱ्याचं बरं चाललंय.

पाण्याला थंडीपावसात हमखास कंजुषी होते. लिटरभर दुधामागे 4 लिटर धरा, शिवाय अंगाची गरज वेगळी. दोन वेळच्या बादलीत ते भागत नाही. गव्हाणीशेजारी भरलेली टाकी हवी, आठवड्याला घासलेली.